मत नको, प्रसंग सांगा : महाराष्ट्र मंडळात वर्णद्वेषावर बैठक कशी घ्यावी

अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळात गणपती, दिवाळी, नाटक आणि मुलांची मराठी शाळा यांवरून खटके उडतात, पण काम अडत नाही. वर्णद्वेषावर बोलायला एकदा बसूया, असं कुणी कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, की मात्र दोन दिवस उत्तर येत नाही. मग एक ओळ येते : 'आपलं सांस्कृतिक मंडळ आहे, राजकारण नको.' तरीही ज्यांना बसायचंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. न्यू जर्सीत अशा बैठका घेताना जे उपयोगी पडलं, ते साधारण त्याच क्रमाने इथे आहे.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्या लोकांकडे मतं भरपूर असतात. 'अमेरिकेत वर्णद्वेष आहे का?' असा प्रश्न टाकलात, तर शाळेतली वादविवाद स्पर्धा सुरू होईल आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकेल. म्हणून मत मागायचंच नाही. प्रसंग मागायचा. कुठे घडलं, कोण काय म्हणालं, तुम्ही काय केलंत. मत खोडता येतं. समोर बसलेल्या काकू स्वतःवर आलेली गोष्ट सांगत असल्या की ती खोडायला जीभ रेटत नाही.

माणसं, जागा, वेळ

बारा ते पंधरा माणसं पुरे. त्याहून जास्त झाली की वक्ते आणि श्रोते अशी फाळणी होते. मोठ्या कार्यक्रमाला जोडून बैठक ठेवू नका. नाटकाच्या मध्यंतरात कुणी मनातलं बोलत नाही. पब्लिक लायब्ररीची मीटिंग रूम बऱ्याच गावांत फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळते आणि ती कुणाच्या घरची नसल्याने यजमानीण पाहुणचारात अडकत नाही. पॉटलक तर नकोच. ॲल्युमिनियमचे ट्रे गरम करणं, 'अगं, ही भाजी कुणी केलीय?' आणि कमी पडलेले चमचे यांत पाऊण तास जातो. थर्मासमध्ये चहा आणि चिवडा, तोही शेवटी. दीड तास ठरवा आणि दीड तासाने खरंच उठा.

बोलवायचं कुणाला? सत्तरच्या दशकात आलेले काका-काकू, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर नुकतं आलेलं जोडपं, इथेच वाढलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं आणि सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा, असे सगळे हवेत. 'त्यांना काय कळतंय' म्हणून आजी-आजोबांना घरी ठेवू नका. मुलं इंग्रजीत बोलतील, आजी मराठीत; दोन्ही येणाऱ्या एकाने मधून मधून थोडक्यात सांगत राहायचं.

बैठक चालवायला दोघं लागतात, शक्यतो एक पन्नाशीपुढचं आणि एक पंचविशीतलं. मंडळाचे अध्यक्ष नकोत. उत्तम सूत्रसंचालन करणारा तर मुळीच नको. त्याला शांतता सहन होत नाही, तो मध्येच चारोळी टाकतो.

नियम चारच ठेवा आणि सुरुवातीला मोठ्याने वाचा. एका वेळी एकच जण, फार तर तीन मिनिटं. दुसऱ्याच्या प्रसंगावर सल्ला नाही. इथलं बोलणं ग्रुपवर जाणार नाही, फोटोही नाही. आणि 'ते लोक असेच असतात' या चालीचं वाक्य आलं, की चालवणाऱ्याने शांतपणे विचारायचं, 'कोण? कधी?' हा चौथा नियम सगळ्यात जास्त वापरावा लागतो.

पहिली फेरी आणि खरी फेरी

सुरुवात आपल्यावर झालेल्या अन्यायापासून करावी की आपण केलेल्या अन्यायापासून, यावर दोन मतं आहेत. माझं म्हणणं, पहिली फेरी आपल्यावर काय बेतलं याचीच घ्या. डब्याच्या वासावरून शाळेत झालेली चेष्टा, ऑफिसात नावाची केलेली मोडतोड, ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानतळावर बाजूला काढणं. जुने लोक असतील तर जर्सी सिटीतले 'डॉटबस्टर्स' निघतील. १९८७ मध्ये बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरून ('डॉट') हे नाव घेतलेल्या टोळक्याने तिथल्या वर्तमानपत्राला पत्र पाठवून भारतीयांना शहरातून हाकलून लावू, अशी धमकी दिली होती. त्या काळात तिथे राहिलेल्या बायका टिकली काढून बस पकडायच्या, हे त्यांच्याच तोंडून ऐकताना मुलं पहिल्यांदा फोन खाली ठेवतात.

पण या फेरीत रमू नका. आपण सोसलेलं सांगताना माणूस सुखावतो आणि बैठक तिथेच संपली तर सगळे 'छान झालं' म्हणत घरी जातात. अर्ध्या तासाने वळा. दुसऱ्या फेरीचे प्रश्न असे :

घर घेताना कुठल्या भागात बघू नका असं कुणी सांगितलं? नेमके शब्द काय होते?

आई-बाबा भारतातून आले तेव्हा त्यांना बाहेर फिरायला पाठवताना काय सूचना दिल्यात?

मुलाचा किंवा मुलीचा काळा मित्र पहिल्यांदा घरी आला तेव्हा घरात कोण काय म्हणालं? तो गेल्यावर?

घराचा प्रश्न आधी घ्या. त्यावर कुणी ना कुणी बोलतंच. एका बैठकीत तो साधारण असा सरकला. एक काकू म्हणाल्या, 'आम्हाला एजंटने सांगितलं, तिकडे स्कूल डिस्ट्रिक्ट चांगला नाही.' चालवणाऱ्या मुलीने विचारलं, 'एवढंच म्हणाला?' 'आपलाच होता तो, ओळखीतला. म्हणाला, तिकडे आपली माणसं नाहीत आणि रात्रीचं जरा...' 'जरा म्हणजे?' काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. 'म्हणजे तेच की. काळे राहतात.' 'मग तुम्ही काय केलंत?' 'काय करणार? दुसरीकडे घेतलं.' यावर कुणी काही बोललं नाही आणि कुणी काही बोलायची गरजही नव्हती. पुढच्याने आपला प्रसंग सांगितला. तोही घराचाच निघाला.

त्या दिवशी मुलीने एकच माहिती जोडली : गिऱ्हाइकाला वंशाकडे पाहून एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा वस्तीपासून दूर ठेवणं १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने बेकायदा आहे. एजंट आपला असला तरी.

दर बैठकीला एक कागद

प्रसंगांवरच थांबलं तर गप्पा होतात. इतिहासावर गेलं तर व्याख्यान होतं. दर वेळी एकच कागद टेबलावर ठेवायचा, दोन मिनिटांत वाचायचा आणि मग पुन्हा प्रसंगांकडे यायचं. मी वापरलेले तीन कागद सांगते.

पहिला नकाशाचा. १९३० च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकन सरकारच्या गृहकर्ज संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करवून घेतले. वस्त्यांना चार रंग दिले : हिरवा सर्वांत सुरक्षित, मग निळा, पिवळा आणि लाल म्हणजे कर्ज द्यायला धोक्याचा. काळ्या लोकांची वस्ती जवळजवळ हमखास लाल. १९३४ मध्ये आलेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशननेही कर्जाला हमी देताना हीच दृष्टी ठेवली. रिचमंड विद्यापीठाने हे नकाशे संगणकावर खुले केले आहेत. न्यूअर्क, फिलाडेल्फिया, डेट्रॉइट, शिकागो, ओकलंड यांपैकी तुमच्या जवळचं शहर शोधा, मोठ्या कागदावर छापून आणा आणि ज्या भागात 'बघू नका' असं सांगितलं गेलं होतं तिथे बोट ठेवायला सांगा. सगळी बोटं लालवर पडतीलच असं नाही, आणि सगळं या एका नकाशामुळे झालं असंही कुणाला सांगू नका. सावकारांची ती नजर आधीपासूनच होती, नकाशा तिचा पुरावा आहे. पण शाळा बऱ्याच अंशी घरपट्टीवर चालतात, घरपट्टी घराच्या किमतीवर आणि किंमत कर्ज मिळण्यावर, ही साखळी टेबलावर दिसली की 'स्कूल डिस्ट्रिक्ट चांगला नाही' हे वाक्य पुन्हा तितक्या सहज म्हणवत नाही.

दुसरा कागद भगतसिंग थिंद यांच्या खटल्याचा. हा माझ्या मते सगळ्यात कामाचा, म्हणून याला जास्त वेळ द्या. १७९० च्या कायद्याप्रमाणे अमेरिकेचं नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या' माणसांना घेता येत होतं; यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकन वंशाच्या लोकांनाही ते खुलं झालं. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, तुमची कातडी गोरी असेल, पण तुम्ही कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्रातलं गोऱ्यांच्या वंशाचं नाव) नाही. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, थिंद यांचा निकाल लागला. ते पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्करात होते. तेव्हाच्या वंशशास्त्राप्रमाणे मी आर्य, म्हणजे कॉकेशियन, असा त्यांचा दावा. कोर्टाने आता पवित्रा बदलला : शास्त्र काही म्हणो, सर्वसामान्य माणूस तुम्हाला गोरा समजत नाही. निकाल एकमताचा होता. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्वही सरकारने काढून घेतलं.

इथपर्यंत ऐकताना सगळे थिंदच्या बाजूने असतात. मग त्यांच्या वकिलांच्या युक्तिवादातला एक मुद्दा वाचा : अमेरिकन माणूस निग्रोशी सोयरीक करायला जसा तयार नसतो, तसाच उच्चवर्णीय हिंदू तिथल्या आदिवासींशी सोयरीक करत नाही. म्हणजे आम्ही गोऱ्यांमध्ये बसायला लायक आहोत, याचा पुरावा म्हणून आम्ही कुणाला खाली ठेवतो ते दाखवलं. वाचून झालं की विचारा : 'मी त्यांच्यातला नाही, असं आपण कधी, कुणाला पटवून दिलंय?' थांबा. या प्रश्नाला वेळ लागतो.

तिसरा कागद १९६५ चा. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण कोटा वर्षाला फक्त १०० माणसांचा होता. तो मोडला ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केलेल्या इमिग्रेशन कायद्याने. त्याआधीच्या वर्षी नागरी हक्क कायदा झाला होता आणि दोनच महिन्यांपूर्वी मतदान हक्क कायदा. काळ्या लोकांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन वंशावर आधारलेले कायदे टिकू शकणार नाहीत अशी हवा तयार केली. देशोदेशीचे कोटे त्याच हवेत पडले. आणि नव्या कायद्याने डॉक्टर, इंजिनिअर अशा शिकलेल्यांना पसंती दिली. त्यामुळे 'आम्ही खिशात आठ डॉलर घेऊन आलो आणि कष्टाने वर आलो, मग यांना काय झालं?' हे वाक्य येईल तेव्हा (ते येणारच, कुणी म्हणालं नाही तर बैठकीला योग्य माणसं आलेली नाहीत) उत्तर तयार असेल. खिशात आठ डॉलर होते, पण बॅगेत सरकारी कॉलेजातली, जवळपास फुकटात मिळालेली डिग्री होती आणि दारावर निवड करूनच आत घेतलं होतं. ज्यांना आपण हे विचारतो, त्यांच्या आजोबांना दुसऱ्या महायुद्धावरून परतल्यावर घरासाठीचं सरकारी हमीचं कर्जही बहुतेक ठिकाणी मिळालं नव्हतं. हे चालवणाऱ्याने सांगण्यापेक्षा सत्तरमध्ये आलेल्या एखाद्या काकांनीच सांगितलं तर फार बरं. आधी फोन करून त्यांना विनंती करून ठेवा.

आजोबांचं चालणं

आई-बाबा येणार असलेल्या सीझनमध्ये, म्हणजे एप्रिल-मे च्या सुमारास, एक बैठक या प्रसंगाला द्या. फेब्रुवारी २०१५, अलाबामातलं मॅडिसन गाव. नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले ५७ वर्षांचे गृहस्थ सकाळी मुलाच्या घरासमोरच्या रस्त्यावर चालत होते. शेजारच्या कुणीतरी पोलिसांना फोन केला : एक बारीकसा काळा माणूस फिरतोय. पोलीस आले. गृहस्थांना इंग्रजी येत नव्हतं, 'नो इंग्लिश, इंडियन' एवढंच ते म्हणत राहिले. एका पोलिसाने त्यांना उचलून जमिनीवर आपटलं. मणक्याची शस्त्रक्रिया झाली, तरी अंग काही प्रमाणात लुळं पडलं. राज्यपालांनी माफी मागितली. पोलिसावर खटला चालला, दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशाने त्याला सोडलं.

वाचून झाल्यावर खोलीतली पहिली प्रतिक्रिया जवळपास नेहमी एकच असते : 'अहो, पण ते काळे नव्हतेच!' तिथे चालवणाऱ्याने एवढंच विचारायचं, 'असते तर?' आणि गप्प बसायचं.

मग व्यवहाराचं बोला. बाबांच्या खिशात पत्ता आणि मुलाचा नंबर लिहिलेला कार्डाचा तुकडा, पोलीस आले तर हात दिसतील असे ठेवायचे, खिशात घालायचे नाहीत. ही सूचना काळ्या घरांत मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की दिली जाते. आणि उलट बाजूची सूचनाही द्या : आपल्या रस्त्यावर अनोळखी काळा माणूस दिसला तर फोन उचलण्याआधी त्याने नेमकं काय केलंय ते स्वतःला सांगायचं. 'चालतोय' हे पोलिसांना सांगण्यासारखं कारण नव्हे.

आपल्याकडचं कपाट

तिसऱ्या-चौथ्या बैठकीला कुणीतरी जोतीरावांचं नाव काढेल. काढू द्या, तो दुवा खरा आहे. १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या सद्गृहस्थांना लिहिली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या हार्लेम वस्तीच्या अगदी शेजारी. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या आणि ड्यू बॉईस यांनी उत्तरही दिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेवरून नाव घेऊन.

पण या यादीवर टाळ्या वाजल्या की सावध व्हा. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी काहींनी याच देशात, मंडळाच्या पहिल्याच भेटीत, नव्या माणसाला 'आडनाव काय म्हणालात? मूळ गाव कुठलं?' असं दोनदा विचारलेलं असतं. जात इथे येणारच. सिॲटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला शहराच्या कायद्यात बंदी केली; कॅलिफोर्नियातलं तशाच हेतूचं विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी सही न करता परत पाठवलं. या दोन्हींवर मंडळात तट पडलेले असतात. कायद्यावर चर्चा नेलीत तर बैठक फुटेल. चौथा नियम काढा : कोण, कधी, काय म्हणालं? आणि ज्याच्यावर बेतलंय त्याला बोलायची सक्ती करू नका. तो बहुतेक वेळा पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या बैठकीला बोलतो. जात आणि वंश एकच का वेगळे, हा वाद विद्यापीठांवर सोडा.

मुलांसाठी मलिक अंबर हाताशी ठेवा. इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून दख्खनमध्ये विकला गेलेला, निजामशाहीचा कर्ता झालेला, १६१० मध्ये खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद वसवणारा. भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. मुलं चकित होतात. मात्र 'बघा, आपल्याकडे असला भेद नव्हताच' असा निष्कर्ष काढू देऊ नका. ज्या जहांगीराशी अंबर वर्षानुवर्षं झुंजला, त्या जहांगीराने आपल्या आठवणींत अंबरला काळ्या तोंडाचा म्हणून शिव्या घातल्या आहेत आणि त्याच्या कापलेल्या मुंडक्यावर स्वतः बाण सोडतानाचं चित्र काढून घेतलं आहे. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याच्या हाती कधीच लागलं नाही.

तापलं तर

तापतं ते बहुतेक तीन ठिकाणी. फॉरवर्डवरची गुन्ह्यांची आकडेवारी घेऊन आलेले काका : त्यांना आकड्यांनी उत्तर देऊ नका, 'तुमच्यावर कधी आलं, काका?' विचारा, बहुतेकांवर आलेलं नसतं. आजींच्या तोंडून काळ्या माणसासाठी सहज निघालेला 'कल्लू' : चालवणाऱ्याने टोकू नये, नातीला विचारावं, 'तुला हे ऐकून कसं वाटतं?' नात घरी जे बोलू शकत नाही ते इथे बोलते आणि आजी मुलापेक्षा नातीचं जास्त ऐकते. तिसरं, मुलं. 'तुम्ही सगळे रेसिस्ट आहात' म्हणून ती हात झटकतात. त्यांनाही प्रसंग मागा. शाळेत गाण्यासोबत तो 'एन'ने सुरू होणारा शब्द, म्हणजे काळ्यांसाठीची शिवी, म्हणताना कोण कोण होतं? काळा मुलगा वर्गात नसताना म्हणता का? इथे मान खाली जाते ती त्यांची.

काळ्या शेजाऱ्यांना कधी बोलवायचं

पहिल्या बैठकीला नाही. आपल्याला शिकवायला कुणी यावं आणि आपण वडापाव खाऊ घालून आभार मानावेत, हा सौदा त्यांना नवा नाही आणि आवडणाराही नाही. आधी आपण त्यांच्याकडे जा. काळ्यांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या एनएएसीपी या संस्थेच्या गावोगावी शाखा आहेत, त्यांच्या सभा बहुधा सगळ्यांना खुल्या असतात. गुलामीच्या अंताची आठवण म्हणून साजरा होणारा १९ जूनचा जूनटीन्थ २०२१ पासून राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे. गावातल्या कार्यक्रमाला चार घरं मिळून जा, मागच्या रांगेत बसा, मंडळाचा बॅनर नेऊ नका. ओळख झाल्यावर बोलवाल तेव्हा वक्त्याला मानधन द्या, नाटकाच्या कलाकाराला देता तसंच. विषय एकत्र कामाचा ठेवा : शाळेच्या बोर्डाची निवडणूक, गावातल्या पोलिसांचं वागणं, लायब्ररीचं बजेट. केसांना हात लावून बघू का, हा प्रश्न विचारणारा एक तरी जण असतो. त्याला आधीच गाडीत सांगून ठेवा.

उठण्याआधी

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकाने पुढच्या वेळेपर्यंत करायची एक गोष्ट सांगायची, करता येईल एवढी लहान. लेकीच्या स्थळाच्या बायोडेटातून 'गोरी' काढणार. एजंटला त्याच्या 'जरा'चा अर्थ विचारणार. घरच्या ग्रुपवर काळ्यांची टिंगल करणारा व्हिडिओ आला तर फक्त 'हे मला पटत नाही' एवढं लिहिणार. पुढची बैठक याच यादीने सुरू करा : केलं का, काय झालं? न केलेल्याला ओरडू नका, कारण विचारा. ते कारण हाच त्याचा त्या दिवशीचा प्रसंग.

महिन्यातून एकदा, ठरलेला रविवार. दुसऱ्या वेळी माणसं निम्मी येतील. रद्द करू नका, खुर्च्या कमी लावा. वहीत फक्त तारीख आणि त्या दिवशीचा प्रश्न लिहा, कोण काय म्हणालं ते नाही. आणि कार्यकारिणीने 'अहवालासाठी फोटो द्या' म्हणून मागितलाच, तर चहाच्या थर्मासचा पाठवा.